जोडले गेले हे कशावरून? धातूंची कॉम्प्लेक्स आणि डीएनए: वाचकांचे प्रश्न

धातूंची कॉम्प्लेक्स (मध्ये धातू आणि त्याला धरून बसलेले रेणू, म्हणजे लिगँड) तयार करून ती डीएनएशी कशी आणि किती घट्ट जोडली जातात याचा शोध घेणाऱ्या, रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या कामाची ओळख मागच्या अंकात करून दिली होती. तांबे आणि रुथेनियम यांना फिनॅन्थ्रोलिनसारखे सपाट लिगँड लावायचे आणि वासराच्या थायमसमधून काढलेल्या डीएनएबरोबर (सीटी-डीएनए) ते मिसळल्यावर वर्णपटात, विष्यंदितेत (द्रावणाच्या दाटपणात) आणि जेलवर काय बदल होतो ते पाहायचे, असे त्या कामाचे स्वरूप. आलेली बरीचशी पत्रे हेच प्रयोग स्वतः करणाऱ्यांची आहेत. म्हणून उत्तरांत प्रमाणे आणि पायऱ्या हात न आखडता दिल्या आहेत.

प्रश्न: मी रसायनशास्त्र शिकलेलो नाही, पण लेख आवडीने वाचला. डीएनएला धरायला धातूच कशाला हवा? साधे सेंद्रिय रेणू ते काम करत नाहीत का?

उत्तर: करतात. इथिडियम ब्रोमाइड, डॉक्सोरुबिसिन हे सेंद्रिय रेणूच आहेत आणि डीएनएला चांगले धरतात. धातूमुळे काही गोष्टी वाढीव मिळतात. पहिली म्हणजे धनभार. डीएनएच्या कण्यावर दर फॉस्फेटमागे एक ऋणभार असतो, त्यामुळे धनभारित कॉम्प्लेक्स त्याच्याकडे आपसूक ओढले जाते. दुसरी म्हणजे आकार. धातूभोवती लिगँड ठरावीक कोनांतच बसतात, त्यामुळे सपाट, अष्टफलकी, उजवा किंवा डावा असा हवा तो साचा घडवता येतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: धातू स्वतः रासायनिक क्रिया करतो. तो एक लिगँड सोडून त्या जागी डीएनएचा नायट्रोजन धरू शकतो, किंवा इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन डीएनए तोडू शकतो.

लिगँड सोडून डीएनए धरण्याचे उदाहरण म्हणजे सिसप्लॅटिन. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग आणि त्यांचे सहकारी जिवाणूंवर विद्युतक्षेत्राचा काय परिणाम होतो ते पाहत होते. ई. कोलाय जिवाणू लांबच लांब वाढत होते, पण त्यांचे विभाजन थांबले होते. याला विद्युतक्षेत्र कारणीभूत नव्हते; प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेल्या प्लॅटिनम-संयुगांचा तो परिणाम होता. हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिनला कर्करोगाचे औषध म्हणून मान्यता मिळाली. रक्तात क्लोराइडची संहती सुमारे १०० मिलिमोलर असते, म्हणून तिथे प्लॅटिनमचे क्लोराइड सहजी सुटत नाहीत. पेशीच्या आत ती बरीच कमी असते. तिथे क्लोराइड सुटते, त्या जागी पाणी येते आणि मग प्लॅटिनम डीएनएतल्या ग्वानिन या बेसच्या सातव्या क्रमांकाच्या नायट्रोजनला पक्का बंध करते. शेजारच्या दोन ग्वानिनना एकाच प्लॅटिनमने बांधण्याचा वाटा सर्वांत मोठा, साधारण ६५ टक्के. शेजारच्या अ‍ॅडेनिन आणि ग्वानिनला बांधण्याचा वाटा २५ टक्क्यांच्या आसपास. तिथे डीएनए वाकतो आणि पेशीचे पुढचे काम अडते. ट्रान्सप्लॅटिनमध्ये अणू तेच आणि तेवढेच, पण दोन क्लोराइड एकमेकांसमोर असतात. त्यामुळे शेजारचे दोन ग्वानिन त्याला असे एकत्र बांधता येत नाहीत आणि औषध म्हणून ते निरुपयोगी ठरते.

लेखातली रुथेनियमची आणि बहुतेक तांब्याची कॉम्प्लेक्स असा पक्का बंध करत नाहीत. त्यांचा सपाट लिगँड दोन बेसजोड्यांच्या मध्ये शिरतो (इंटरकॅलेशन), किंवा सबंध कॉम्प्लेक्स डीएनएच्या खाचेत बसते, किंवा नुसत्या भाराच्या ओढीने बाहेरून चिकटते. यातले नेमके काय घडते आहे हे ओळखणे हाच या संशोधनाचा कस आहे. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न त्यावरच आहेत.

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सीटी-डीएनएचे साठा-द्रावण करायचे आहे. दरवेळी संहती वेगळी येते आणि २६० व २८० नॅनोमीटरच्या प्रकाश-शोषणाचे गुणोत्तर १.७ च्या खाली जाते. काय चुकत असेल?

उत्तर: आधी बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) पाहा. ५ मिलिमोलर ट्रिस-एचसीएल आणि ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, पीएच ७.२, हा या कामात रुळलेला बफर. ट्रिसचा पीएच तापमानाप्रमाणे सरकतो, दर अंशाला साधारण ०.०३ ने. २५ अंशांना ७.२ लावलेला बफर ४ अंशांना ७.८ च्या जवळ असतो. म्हणून पीएच ज्या तापमानाला मोजणी करणार त्याच तापमानाला लावा.

मग १० मिलिग्रॅम डीएनए तंतू १० मिलिलिटर बफरमध्ये टाका आणि ४ अंशांना रात्रभर अगदी मंद ढवळत ठेवा. घाई करून व्हॉर्टेक्सवर धरू नका, बारीक सुईतून ओढू नका. लांब डीएनए त्याने तुटतो. सकाळी द्रावण एकजीव, किंचित दाट दिसायला हवे. जेलीसारखे गोळे राहिले असतील तर आणखी काही तास द्या. वरवरच्या पातळ भागाचा नमुना घेऊन संहती काढली, तर ती दरवेळी वेगळीच येणार. तुमच्याकडे बहुधा हेच होते आहे.

संहती वजनावरून धरू नका. तंतूंमध्ये पाणी आणि क्षार असतात. १० मायक्रोलिटर साठा-द्रावण बफरने १ मिलिलिटर करा (१०० पट विरल) आणि २६० नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स (शोषलेल्या प्रकाशाचे माप) मोजा. शोषण-गुणांक ६६०० प्रति मोलर प्रति सेंटिमीटर घ्या. वाचन ०.२० आले तर ०.२० भागिले ६६०० म्हणजे ३० मायक्रोमोलर, आणि साठा-द्रावण ३ मिलिमोलर. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम डीएनए असेल तर हिशेब इतकाच यायला हवा. त्याच वेळी ३२० नॅनोमीटरलाही वाचन घ्या. तिथे डीएनए काहीच शोषत नाही. तिथे ०.०१ पेक्षा जास्त काही दिसले तर द्रावण गढूळ आहे आणि २६० चे वाचन फुगलेले आहे.

गुणोत्तर १.८ ते १.९ हवे. त्याखाली म्हणजे प्रथिन उरले आहे. फिनॉल-क्लोरोफॉर्मने एकदा धुऊन इथेनॉलने डीएनए परत खाली आणा. फिनॉलचा अंश राहिला तर तोही २७० नॅनोमीटरच्या आसपास शोषतो आणि गुणोत्तर पुन्हा बिघडवतो, म्हणून शेवटी नुसत्या क्लोरोफॉर्मने एक धुणे करा. द्रावण ४ अंशांना ठेवा आणि ४ दिवसांत संपवा.

आणखी एक गोष्ट वहीत पहिल्या ओळीत लिहा: ही संहती न्यूक्लिओटाइडची (एका धाग्यावरच्या एकेका घटकाची) आहे. बेसजोडीत हवी असेल तर निम्मी होईल. हे एक वाक्य न लिहिल्यामुळे दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत दुपटीचा फरक पडतो, आणि तो फरक कॉम्प्लेक्सचा आहे असे समजून त्यावर चर्चा झडते.

प्रश्न: कॉपर-फिनॅन्थ्रोलिन कॉम्प्लेक्सचे डीएनएबरोबर टायट्रेशन केले (थोडाथोडा डीएनए टाकत मोजणी). बंधन-स्थिरांक (केबी, म्हणजे पकड किती घट्ट याचा आकडा) एकदा ३ गुणिले १० चा चौथा घात आला, दुसऱ्यांदा त्याच्या तिप्पट. आलेख तर दोन्ही वेळा सरळ रेषेत आहे. कोणता आकडा खरा मानायचा?

उत्तर: आत्ता तरी दोन्हीही नाही. या पद्धतीत काय मांडतात ते आधी पाहू. प्रत्येक टप्प्यावरचा डीएनए भागिले (मोजलेला शोषण-गुणांक वजा मोकळ्या कॉम्प्लेक्सचा गुणांक) हे उभ्या अक्षावर, आणि डीएनएची संहती आडव्या अक्षावर. उतार भागिले छेद (रेषा उभ्या अक्षाला जिथे मिळते ते मूल्य) म्हणजे केबी. समजा मोकळ्या कॉम्प्लेक्सचा गुणांक १२,००० आहे आणि पूर्ण जोडलेल्याचा ८,०००. फरक ४,०००, म्हणून उतार २.५ गुणिले १० चा उणे चौथा घात. केबी ५ गुणिले १० चा चौथा घात असेल तर छेद येतो ५ गुणिले १० चा उणे नववा घात. हा छेद शून्याला जवळजवळ चिकटलेला असतो. सुरुवातीच्या दोन बिंदूंमधल्या जराशा चुकीने तो निम्मा झाला, तर केबी दुप्पट होते, आणि रेषा मात्र तितकीच सरळ दिसत राहते. रेषेचा आर-वर्ग (बिंदू रेषेवर किती नीट बसतात याचे माप) ०.९९ आला म्हणून केबी बरोबर, असे या पद्धतीत म्हणताच येत नाही.

चूक बहुतेक वेळा वर्णपटातला कुठला शोषण-पट्टा मोजला यातून येते. फिनॅन्थ्रोलिनचा मुख्य पट्टा २६५ ते २७० नॅनोमीटरला आहे आणि डीएनएचा स्वतःचा २६० ला. २० मायक्रोमोलर कॉम्प्लेक्समध्ये २०० मायक्रोमोलर डीएनए गेला की डीएनएचेच अ‍ॅब्सॉर्बन्स १.३२ होते. ते संदर्भ-क्युव्हेटमध्ये (तुलनेच्या नमुन्याच्या पात्रात) तेवढाच डीएनए टाकून वजा करायचे असते. पिपेटची २ टक्के चूक म्हणजे इथे ०.०२६. आणि ज्या बदलावरून केबी काढायचे, तो सगळा मिळून २० मायक्रोमोलर गुणिले ४,०००, म्हणजे ०.०८! संकेताचा तिसरा हिस्सा पिपेटच्या चुकीत बुडाला. म्हणून शक्य असेल तिथे ३२० नॅनोमीटरच्या पलीकडचा पट्टा निवडा. रुथेनियमला ४५० नॅनोमीटरच्या आसपास धातूकडून लिगँडकडे जाणारा छान पट्टा असतो. तांब्याचा दृश्य प्रकाशातला डी-डी पट्टा मात्र फार अशक्त, गुणांक शंभराच्या आसपास, त्यामुळे या संहतीला तो दिसणारच नाही. तुमच्या कॉम्प्लेक्सला पलीकडचा पट्टाच नसेल तर शोषणावरून आलेली केबी ढोबळ माना आणि दुसऱ्या पद्धतीने ताडून पाहा.

टायट्रेशन असे करा. क्युव्हेटमध्ये २ मिलिलिटर, २० मायक्रोमोलर कॉम्प्लेक्स. डीएनएच्या ३ मिलिमोलर साठा-द्रावणातही २० मायक्रोमोलर कॉम्प्लेक्स आधीच मिसळून ठेवा. मग कितीही डीएनए टाकला तरी कॉम्प्लेक्स विरल होत नाही आणि हिशेबातली एक दुरुस्ती वाचते. (एवढ्या जास्त डीएनएत हे मिश्रण सहसा गढूळ होत नाही; झाले तर ही युक्ती सोडून द्या आणि विरलनाची दुरुस्ती करा.) दरवेळी १० मायक्रोलिटर टाका, म्हणजे डीएनए साधारण १५ मायक्रोमोलरने वाढेल. सुरुवातीला ५ मायक्रोलिटरचे टप्पे घेतले तर छेदाजवळ जास्त बिंदू मिळतात. क्युव्हेट उलटीसुलटी करून मिसळा, ५ मिनिटे थांबा, मग वर्णपट घ्या. ५ मिनिटांनी आणि १५ मिनिटांनी वाचन सारखे आले पाहिजे. सरकत असेल तर नुसते जोडले जाणे नव्हे, आणखी काहीतरी हळूहळू घडते आहे.

प्रत्येक वर्णपट ७०० नॅनोमीटरपर्यंत घ्या. जिथे काहीच शोषत नाही तिथली आधाररेषा उचलली गेली, तर अवक्षेप पडतो आहे. धनभारित कॉम्प्लेक्सने डीएनएचा भार मारला की डीएनए गोळा होऊन खाली बसतो, शोषण कमी होते, आणि ते हायपोक्रोमिझम (जोडले गेल्यामुळे शोषण घटणे) म्हणून छापले जाते. वर्णपट एकाच बिंदूतून (आयसोबेस्टिक बिंदू) जात असतील तर मन निश्चिंत होते. तो बिंदू मध्येच सुटला तर तिथून पुढचे आकडे वापरू नका.

आता गणिताकडे. वरचे समीकरण मोकळा डीएनए आणि एकूण डीएनए जवळजवळ सारखे आहेत असे धरून चालते. सुरुवातीला, डीएनए आणि कॉम्प्लेक्स बरोबरीत असताना, हे खरे नसते. शिवाय एक कॉम्प्लेक्स किती बेसजोड्या अडवते याचा त्यात विचारच नाही. १९७४ चे मॅकघी आणि फॉन हिप्पेल यांचे समीकरण तो विचार करते. संगणकावर अरेषीय पद्धतीने ते बसवायला आज काहीच अडचण नाही. आमचा आग्रह असा की मूळ बिंदू, अरेषीय पद्धतीने आलेली केबी आणि तिची त्रुटी हे तिन्ही द्या. स्वतंत्र साठा-द्रावणांवर निदान तीनदा प्रयोग करा. केबी मिठावरही अवलंबून असते, सोडियम वाढले की भारित कॉम्प्लेक्सची पकड सैल होते, म्हणून वेगळ्या बफरमधल्या केबीशी तुलना करून आपले कॉम्प्लेक्स सरस आहे असे लिहू नका.

प्रश्न: आमच्या कॉम्प्लेक्सला १८ टक्के हायपोक्रोमिझम आणि ३ नॅनोमीटर रेड शिफ्ट (पट्टा लांब तरंगलांबीकडे सरकणे) मिळाली. आम्ही इंटरकॅलेशन लिहिले. परीक्षकाने विष्यंदिता मागितली आहे. खरेच गरज आहे का?

उत्तर: आहे. परीक्षकाचे म्हणणे योग्य आहे. बेसजोड्यांच्या मध्ये रेणू शिरला की त्याचे पाय-इलेक्ट्रॉन बेसच्या इलेक्ट्रॉनांशी जुळतात आणि शोषण घटते, हे खरे. पण खाचेत घट्ट बसलेल्या किंवा बाहेर एकावर एक रचलेल्या कॉम्प्लेक्सचेही शोषण घटते. ३ नॅनोमीटरची शिफ्ट तर फारच थोडी. ट्रिस-फिनॅन्थ्रोलिन रुथेनियमचे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे: वर्णपटांवरून ते इंटरकॅलेट होते असे बरीच वर्षे मांडले जात होते. १९९२ मध्ये सत्यनारायण, डॅब्रोविआक आणि चेअर्स यांनी विष्यंदिता मोजली आणि त्याचे उजवे आणि डावे यांपैकी कोणतेच रूप अभिजात इंटरकॅलेशन करत नाही असे दाखवले.

विष्यंदितेचे तर्कशास्त्र साधे आहे. बेसजोड्यांमधले अंतर ३.४ अँगस्ट्रॉम. मध्ये रेणू बसायला ते दुप्पट व्हावे लागते. असे ठिकठिकाणी झाले की डीएनएची कांडी लांबते आणि द्रावण दाट होते. खाचेत बसणाऱ्याने लांबी जवळजवळ बदलत नाही. अर्धवट शिरून डीएनएला वाकवणाऱ्याने उलट ती घटते.

करताना उब्बेलोहडे व्हिस्कोमीटर (विष्यंदिता मोजण्याची काचनळी) घ्या. त्यात वाहण्याचा वेळ द्रावणाच्या आकारमानावर अवलंबून नसतो, म्हणून कॉम्प्लेक्स आतच टाकत जाता येते. ऑस्टवाल्डच्यात आकारमान वाढले की वेळ बदलतो. डीएनए २०० मायक्रोमोलर, आणि तो आधी बर्फात ठेवून सोनिकेशनने (ध्वनिलहरींनी) साधारण २०० बेसजोड्यांच्या तुकड्यांइतका लहान केलेला. लांब डीएनए स्वतःच लवचीक असतो, त्याच्या वळण्याचा परिणाम लांबीच्या परिणामात मिसळतो. पाण्याचे तापमान ०.१ अंशाच्या आत स्थिर हवे. हा प्रयोग सर्वांत जास्त वेळा याच ठिकाणी फसतो: पाण्याची विष्यंदिता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी बदलते, आणि तुम्ही मोजता तो बदलही काही टक्क्यांचाच. प्रत्येक टप्प्यावर तीन वेळा वाचन घ्या, ०.२ सेकंदांच्या आत जुळले नाही तर केशनळीत धूळ आहे. सगळी द्रावणे ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या.

डीएनएच्या वेळेतून नुसत्या बफरची वेळ वजा करून विष्यंदिता काढा. मग कॉम्प्लेक्ससह आणि कॉम्प्लेक्सविना विष्यंदितेच्या गुणोत्तराचे घनमूळ उभ्या अक्षावर, आणि कॉम्प्लेक्स भागिले डीएनए आडव्या अक्षावर मांडा. त्याच दिवशी, त्याच डीएनएवर इथिडियम ब्रोमाइडची रेषाही काढा. तुमची रेषा तिच्या सोबत चढली तर इंटरकॅलेशन म्हणा; आडवी राहिली तर मजकूर बदला. सर्क्युलर डायक्रोइझमची (उजव्या आणि डाव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक मोजण्याची) सोय असेल तर २७५ च्या धन आणि २४५ च्या ऋण शिखरांतले बदलही पाहा, पण एकट्या त्यावरून निर्णय देऊ नका.

प्रश्न: इथिडियम ब्रोमाइड विस्थापनात प्रतिदीप्ती (चमक) ६० टक्क्यांनी घटली. म्हणजे कॉम्प्लेक्सने इथिडियमला हुसकले असे म्हणावे का?

उत्तर: लगेच नको. मोकळे इथिडियम पाण्यात फार मंद चमकते आणि डीएनएत शिरल्यावर सुमारे २० पट तेजाने. त्याला बाहेर काढले की चमक जाते, हा प्रयोगाचा आधार. पण तांबे(II)चे आयन अनुचुंबकीय असतात. ते इथिडियम जागेवर बसलेले असतानाही त्याची चमक मारू शकतात. शिवाय तुमचे कॉम्प्लेक्स ५१० च्या उत्तेजन-प्रकाशाचा किंवा ६०० च्या उत्सर्जनाचा काही भाग स्वतःच शोषत असेल. या दोन्ही ठिकाणच्या अ‍ॅब्सॉर्बन्सची बेरीज ०.२ असली तरी २० टक्के खोटी घट दिसते. दुरुस्ती: मोजलेली तीव्रता गुणिले १० चा घात (बेरीज भागिले २). बेरीज ०.१ च्या खाली ठेवता आली तर उत्तम.

मग शोषण-वर्णपट घ्या. मोकळ्या इथिडियमचे शिखर ४८० नॅनोमीटरला, जोडलेल्याचे ५२० च्या जवळ. कॉम्प्लेक्स टाकल्यावर शिखर ४८० कडे परतले तरच ते खरोखर बाहेर पडले. शिखर ५२० लाच राहून चमक गेली असेल, तर ते विझवणे आहे, विस्थापन नव्हे. आणि विस्थापन झाले तरी त्यावरून इंटरकॅलेशन सिद्ध होत नाही. खाचेत बसणारा रेणू डीएनएचा आकार बदलूनही इथिडियमला बाहेर ढकलतो.

इथिडियम जनुकांत उत्परिवर्तन घडवणारे आहे. नायट्राइल हातमोजे घाला. उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नका आणि त्यात ब्लीच तर मुळीच घालू नका, त्यातून नवी घातक संयुगे होऊ शकतात. सक्रिय कोळशावर शोषून घेऊन तो कोळसा घातक कचऱ्यात द्या.

प्रश्न: पीयूसी-१९ प्लाझ्मिड (लहान, गोल डीएनए) तोडण्याचा प्रयोग करतो आहे. कॉम्प्लेक्स डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात विरघळवतो. हायड्रोजन पेरॉक्साइड घालूनही तुटण्याचे प्रमाण फार कमी. कॉम्प्लेक्स निकामी आहे का?

उत्तर: कॉम्प्लेक्सला दोष देण्याआधी डीएमएसओकडे पाहा. तांबे आणि पेरॉक्साइड यांतून होणारे, डीएनए तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिक्रियाशील कण) पकडायला संशोधक मुद्दाम डीएमएसओच वापरतात. तुमच्या नळीत तोच आधीपासून आहे! २० मायक्रोलिटरच्या मिश्रणात १ टक्का डीएमएसओ म्हणजे १४० मिलिमोलर, आणि कॉम्प्लेक्स मायक्रोमोलरमध्ये. ट्रिस आणि ग्लिसरॉलही हे रॅडिकल खातात. कॉम्प्लेक्स पाण्यात किंवा थोड्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळते का पाहा, आणि ग्लिसरॉल असलेला लोडिंग डाय (नमुन्यात जेलवर भरण्याआधी मिसळायचा रंग) क्रिया संपल्यावरच घाला. त्यात ईडीटीए असू द्या, म्हणजे तांबे तिथेच जखडले जाईल.

बाकी मांडणी अशी: प्लाझ्मिड २०० नॅनोग्रॅम, ३७ अंशांना १ तास, १ टक्का अ‍ॅगरोज, ५० ते ६० व्होल्टला सुमारे २ तास. व्होल्टेज चढवले की जेल तापते आणि पट्टे हसरे (वक्र) होतात. जेलवर पीळदार प्लाझ्मिड सर्वांत पुढे, एका ठिकाणी तुटून सैल पडलेले सर्वांत मागे, आणि दोन्ही धागे तुटून सरळ झालेले मध्ये. सुरुवातीलाच १० टक्क्यांहून जास्त सैल रूप दिसत असेल तर ते प्लाझ्मिड वापरू नका. टक्केवारी काढताना पीळदार रूपाची तीव्रता सुमारे १.४ ने गुणा, कारण ते इथिडियम कमी घेते.

जेलवर या ओळी हव्यातच: नुसता डीएनए, डीएनए आणि पेरॉक्साइड, डीएनए आणि एकटा लिगँड, डीएनए आणि त्याच संहतीचा तांब्याचा साधा क्षार, पेरॉक्साइडसह. शेवटची ओळ लोक गाळतात आणि तीच सर्वांत बोलकी असते. साधा क्षारही तितकाच डीएनए तोडत असेल, तर कॉम्प्लेक्सचे वेगळे कौतुक करण्यासारखे काही उरत नाही. डीएनए जेलच्या विहिरीतच (नमुना भरायच्या खळगीतच) अडकून राहिला तर तो तुटलेला नाही, गोळा झाला आहे. संहती कमी करा.

पेरॉक्साइड न घालता डीएनए तुटला की काही जण लगेच जलविच्छेदन (ऑक्सिडीकरणाने नव्हे, पाण्याने बंध तुटणे) झाल्याचा दावा करतात. त्यासाठी अंधारात, ऑक्सिजन काढून टाकूनही तो तुटतो हे दाखवावे लागते, आणि तुटलेली टोके टी-४ लायगेज या विकराने परत जुळतात हेही.

प्रश्न: सिसप्लॅटिन तुलनेसाठी डीएमएसओमध्ये घेतले तर चालेल का?

उत्तर: नाही. डीएमएसओ त्यातले क्लोराइड काढून त्या जागी स्वतः बसतो आणि तुम्ही सिसप्लॅटिनऐवजी भलतेच संयुग तपासता. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात, ताजे करून वापरा. त्यावर वरचे टायट्रेशनचे समीकरणही लावू नका, कारण ते समीकरण झटपट, उलटसुलट होणाऱ्या जोडणीसाठी आहे. सिसप्लॅटिनला डीएनएबरोबर ३७ अंशांना २४ तास ठेवावे लागते, मग जोडले न गेलेले प्लॅटिनम काढून उरलेले आयसीपी-एमएसने (धातूचे अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने) मोजावे लागते.

तुमच्या स्वतःच्या कॉम्प्लेक्सचीही हीच तपासणी आधी करा: डीएनएविना, त्याच बफरमध्ये, ०, १, ४ आणि २४ तासांनी वर्णपट. ट्रिस तांब्याला धरतो. फॉस्फेट अनेक धातूंना खाली बसवतो. वर्णपट बदलत असेल तर तुम्ही नेमके काय डीएनएशी जोडता आहात हेच ठाऊक नसते.

प्रश्न: "प्राध्यापकांनी कर्करोगावर धातूचे औषध शोधले" असे वर्तमानपत्रात वाचते. आमच्या घरात रुग्ण आहे. असे संयुग मिळवता येईल का?

उत्तर: नाही, आणि कोणी देऊ केले तरी घेऊ नका. डीएनएशी जोडले जाणे ही परीक्षानळीतली गोष्ट आहे. त्यात पेशी नसते, रक्त नसते. पेशीत ग्लुटाथायोन हा धातूंना धरणारा गंधकयुक्त रेणू मिलिमोलर प्रमाणात असते आणि ते पुष्कळ धातूंना डीएनएपर्यंत पोहोचूच देत नाही. रक्तातले अल्ब्युमिन त्याआधीच काही भाग अडकवते. जे पोहोचते ते निरोगी पेशींच्या डीएनएलाही धरते. मान्य झालेले सिसप्लॅटिनसुद्धा मूत्रपिंडाला आणि कानांना इजा करू शकते, म्हणूनच ते देताना शिरेतून भरपूर द्रव देतात आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करत राहतात. नळीतल्या संयुगाला पेशी, प्राणी आणि मग माणसांवरच्या टप्प्याटप्प्याच्या चाचण्या पार कराव्या लागतात आणि बहुसंख्य संयुगे वाटेतच गळतात. तुमच्या रुग्णासाठी उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांना विचारण्याजोगा प्रश्न असा: या आजारासाठी सध्या कोणती नोंदणीकृत चाचणी सुरू आहे आणि आमचा रुग्ण तिच्यात बसतो का?

प्रश्न: डॉकिंगमध्ये (संगणकावर रेणू डीएनएत बसवून पाहताना) आमचे कॉम्प्लेक्स लहान खाचेत बसते, विष्यंदिता मात्र इंटरकॅलेशन सांगते. कोणावर विश्वास ठेवू?

उत्तर: विष्यंदितेवर. डॉकिंगसाठी बहुधा तुम्ही १-बीएनए ही डीएनएची रचना घेतली असेल. ती अखंड बी-डीएनए आहे (डीएनएचे नेहमीचे रूप); तिच्या बेसजोड्यांमध्ये रेणू शिरायला फट नाही आणि प्रोग्राम डीएनएला ताठ धरतो. मग रेणू खाचेतच बसणार, दुसरीकडे जागाच नाही. इंटरकॅलेशन तपासायचे असेल तर आधीच रेणू शिरलेली डीएनए-रचना घ्या, त्यातला रेणू काढा आणि त्या फटीत डॉकिंग करा. दोन्ही रचनांवरची ऊर्जा शेजारी शेजारी द्या. धातूचे मापदंड प्रोग्राममध्ये आहेत का हेही पाहा. नसतील तर कॉम्प्लेक्सची भूमिती क्ष-किरण रचनेवरून किंवा डीएफटी या संगणकीय गणनेने घेऊन ती तशीच ठेवा, धातूवरचा भार स्वतः भरा आणि तो किती भरला ते लिहा.